लिनक्सचा पहिला नेटवर्क ड्रायव्हर: कर्नल काय देतो आणि बदल्यात काय मागतो

वरूड-मोर्शीच्या संत्रा बागा असोत की यवतमाळकडचं एखादं जिनिंग, जमिनीची ओल मोजणारे, स्टार्टर पेटीवर लक्ष ठेवणारे, वजनकाट्याची नोंद घेणारे छोटे बोर्ड आता खेड्यातही दिसतात. त्यातल्या अनेकांवर लिनक्स चालतं. असा बोर्ड ऐन हंगामात अडला आणि पुण्याहून माणूस यायची वाट बघत बसावं लागलं, तर तोवर माल निघून जातो. तो बोर्ड उघडून आतलं नेटवर्क मार्गी लावणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या तालुक्यातच असली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. हा लेख त्यांच्यासाठी.

तुम्हाला सी येते, पॉइंटर आणि स्ट्रक्चर हाताळता येतात, टर्मिनलवर हात बसलेला आहे, एवढं धरून चालतो. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधी काही लिहिलेलं नसलं तरी चालेल.

नेटवर्क ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि नेटवर्क कार्ड यांच्यातला दुवा असलेला कोड. त्याच्या मदतीला कर्नलमध्ये शेकडो तयार फंक्शन्स आहेत. त्यांची नावं पाठ करू नका. समोर आलेल्या प्रत्येक फंक्शनबद्दल दोन गोष्टी शोधा. एक, ते चालू असताना झोपायची परवानगी आहे का? कर्नलमध्ये झोपणं म्हणजे प्रोसेसर दुसऱ्याला सोडून वाट बघणं. दोन, कॉल झाल्यावर ती वस्तू कोणाच्या ताब्यात, म्हणजे शेवटी ती मोकळी कोणी करायची? नवशिक्यांचे ड्रायव्हर कोसळतात ते बहुतेक वेळा या दोहोंपैकी एका उत्तरात घोळ झाल्यामुळे.

फंक्शनची नावं मी खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, अंडरस्कोर मात्र होते तिथेच ठेवले आहेत. सोर्समध्ये ग्रेप करताना त्यांचं नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरायचं.

तयारी

खेड्यात पहिली अडचण डाउनलोडची. कर्नलचा पूर्ण गिट इतिहास काही जीबींचा आहे, आणि क्लोन मध्येच तुटला की पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा कर्नल डॉट ऑर्गवरून एखाद्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचा टारबॉल घ्या, उदाहरणार्थ ६.१२ चा. तो साधारण दीडशे एमबीचा असतो, आणि डब्ल्यूगेटला मायनस सी हा पर्याय दिला की जिथे तुटला तिथून पुढे उतरतो. रेंज गेली, लाइट गेली, तरी आधी उतरलेलं वाया जात नाही. एकदा मिळाला की पेनड्राइव्हवर घालून दोस्तांना द्या.

दुसरी गोष्ट, व्हर्च्युअल मशीन. कर्नलमधली चूक एका प्रोग्रॅमपुरती राहत नाही, सगळी मशीन गोठते. त्यामुळे ज्या लॅपटॉपवर कॉलेजचा प्रोजेक्ट आहे त्याच्या कर्नलमध्ये स्वतःचं मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलला जोडता येणारा कोडचा तुकडा, थेट घालू नका. क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डेबियन बसवा, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते बघा, आणि आत चालू कर्नलला जुळणारं लिनक्स-हेडर्सचं पॅकेज घ्या. एवढ्यावर मॉड्यूल काही सेकंदांत कंपाइल होतं, अख्खं कर्नल बांधावं लागत नाही.

पुढे तपासणीचे पर्याय चालू करण्यासाठी मात्र एकदा पूर्ण कर्नल बांधायची वेळ येईल. तेव्हा आधी मेक लोकलमॉडकॉन्फिग चालवा. तुमच्या मशीनला न लागणारी मॉड्यूल्स गळून पडतात आणि जुन्या लॅपटॉपवरचा वेळ बराच कमी होतो. मध्येच लाइट गेली तर मेक पुन्हा द्या, झालेल्या फाइली सोडून तो पुढे जातो. अर्धवट लिहिलेल्या एखाद्या ऑब्जेक्ट फाइलवर अडला तर तेवढी फाइल पुसून परत चालवा.

कोड लिहिण्याआधी ड्रायव्हर्स, नेट या फोल्डरमधली डमी डॉट सी ही फाइल वाचा. तिथला इंटरफेस, म्हणजे सिस्टिमला दिसणारं नेटवर्कचं दार, येणारं प्रत्येक पॅकेट टाकून देतो, बाकी काही करत नाही. नेमकं म्हणूनच ती फाइल छोटी आहे आणि ड्रायव्हरचा सांगाडा तिच्यात उघडा दिसतो.

काय बनवायचं

पहिल्या ड्रायव्हरला हार्डवेअर नको. आपण एक मॉड्यूल लिहू, ज्यात दोन खोटे इंटरफेस असतील, जोड० आणि जोड१. एकावर पाठवलेलं पॅकेट दुसऱ्यावर यायला हवं. चिप नसली तरी खऱ्या ड्रायव्हरमधली जवळपास सगळी फंक्शन्स यात वापरायला मिळतात.

पायरी १: इंटरफेसचा जन्म आणि मृत्यू

प्रत्येक इंटरफेस म्हणजे एक स्ट्रक्ट नेट_डिव्हाइस. तो स्वतः मॅलॉक केल्यासारखा बनवायचा नाही, अलॉक_ईथरडेव्ह कडून मागून घ्यायचा. या फंक्शनला तुमच्या खासगी स्ट्रक्चरचा आकार द्यायचा; ते नेट_डिव्हाइस आणि तुमचं स्ट्रक्चर एकाच तुकड्यात देतं. खासगी भागाचा पत्ता नेटडेव्ह_प्रिव्ह सांगतं. ईथरनेटच्या ठरलेल्या गोष्टी, म्हणजे १४ बाइटचं हेडर, ६ बाइटचा पत्ता, १५०० चा एमटीयू (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल लांबी), या सगळ्या आतल्या आत ईथर_सेटअप भरतं.

मग नेटडेव्ह_ऑप्स मध्ये तुमच्या फंक्शन्सचा तक्ता जोडा. मॅक पत्त्यासाठी ईथ_एचडब्ल्यू_अॅडर_रँडम वापरा. डेव्ह_अॅडर मध्ये मेमकॉपीने थेट लिहिणारा जुना कोड इंटरनेटवर भरपूर सापडेल, पण ५.१७ पासून ते क्षेत्र कॉन्स्ट झालं आहे. हातात ठरावीक पत्ता असेल तर ईथ_एचडब्ल्यू_अॅडर_सेट. असा पत्ता स्वतः ठरवताना पहिला बाइट सम असू द्या. विषम असेल तर तो मल्टिकास्ट पत्ता ठरतो, आणि तक्त्यात ईथ_व्हॅलिडेट_अॅडर लावलेलं असेल तर इंटरफेस अप करतानाच नकार मिळतो.

शेवटी रजिस्टर_नेटडेव्ह. इथे क्षणभर थांबा, कारण ही ओळ कुठे लिहिता याला फार महत्त्व आहे. हे फंक्शन परत येण्याच्याही आधी तुमचा इंटरफेस सगळ्या सिस्टिमला दिसू लागतो. नेटवर्कमॅनेजरसारखा एखादा प्रोग्रॅम त्याच क्षणी तो अप करू शकतो, म्हणजे तुमचं ओपन फंक्शन धावू शकतं. लॉक, रांगा, जोडीदाराचा पॉइंटर, नॅपीची नोंद (नॅपी म्हणजे पॅकेट घेण्याची कर्नलची पद्धत, ती पायरी ४ मध्ये येते), सगळं या ओळीच्या आधी तयार हवं. आपल्या मॉड्यूलमध्ये तर दोन इंटरफेस आहेत. दोघांना आधी बनवा, एकमेकांचे पॉइंटर भरा, आणि नंतरच एकामागोमाग नोंदवा. दुसऱ्याची नोंदणी फसली तर पहिल्याची उलटवायची. त्यासाठी कर्नलमध्ये गोटू वापरतात आणि तिथे तीच चांगली रीत मानली जाते.

जाताना क्रम उलटा: अनरजिस्टर_नेटडेव्ह, मग फ्री_नेटडेव्ह. इंटरफेस अप असेल तर पहिलं फंक्शन स्वतः तुमचं स्टॉप बोलावतं. फ्री_नेटडेव्ह झाल्यावर खासगी स्ट्रक्चरला हात लावायचा नाही, कारण ते त्याच तुकड्यात होतं आणि त्याच्यासोबत गेलं. डेव्हएम_अलॉक_ईथरडेव्ह सारखी स्वतःहून आवरणारी रूपंही आहेत. पण पहिला ड्रायव्हर हाताने आवरा, म्हणजे कोणाच्या मागे कोण ते डोक्यात बसतं.

पायरी २: ओपन आणि स्टॉप

आयपी लिंक सेट अप म्हटलं की एनडीओ_ओपन, डाउन म्हटलं की एनडीओ_स्टॉप. दोन्ही प्रोसेसच्या संदर्भात चालतात, इथे झोपायला हरकत नाही. इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) मागणं, मोठी मेमरी घेणं ही कामं इथे करा. मॉड्यूल घातल्या घातल्या इंटरप्ट अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

एक अट मात्र आहे. या दोघांना बोलावताना कर्नलने आरटीएनएल नावाचं मोठं लॉक धरलेलं असतं. रजिस्टर_नेटडेव्ह स्वतः तेच लॉक घेतं, त्यामुळे ओपनमधून त्याला बोलावलंत तर गाठ पक्की बसते. वर्क म्हणजे नंतर करायला कर्नलकडे सोपवलेलं काम; त्याच्याकडूनही अशीच गाठ पडते, आणि ती लवकर लक्षात येत नाही. स्टॉपमध्ये तुम्ही कॅन्सल_वर्क_सिंक म्हणून वर्क संपायची वाट बघता, आणि ते वर्क आत आरटीएनएल मागत असतं. स्टॉपने लॉक धरलंय, वर्क लॉकसाठी थांबलंय, स्टॉप वर्कसाठी. दोघंही जागचे हलत नाहीत.

आपल्या मॉड्यूलच्या ओपनमध्ये नॅपी_एनेबल आणि नेटइफ_स्टार्ट_क्यू पुरे. स्टॉपमध्ये आधी नेटइफ_स्टॉप_क्यू, मग नॅपी_डिसेबल, मग एसकेबी_क्यू_पर्ज करून रांगेत उरलेली पॅकेटं मोकळी करा. नॅपी_डिसेबल चालू काम संपेपर्यंत झोपतं. मध्ये एनेबल न करता ते लागोपाठ दोनदा बोलावलं तर दुसऱ्या वेळी कायमचं अडकतं, म्हणून या दोघांची जोडी मोजून ठेवा.

पायरी ३: पॅकेट पाठवणं

ड्रायव्हरचा जीव इथे आहे. एनडीओ_स्टार्ट_एक्समिट ला कर्नल एक एसके_बफ देतो, ज्याला सगळे एसकेबी म्हणतात. पॅकेटचे बाइट एका बफरमध्ये असतात आणि चार पॉइंटर त्याच्या जागा दाखवतात: हेड, डेटा, टेल, एंड. एसकेबी_पुट शेवटी जागा वाढवतं, एसकेबी_पुश सुरुवातीला, एसकेबी_पुल सुरुवातीचा भाग सोडून पुढे सरकतं, आणि एसकेबी_रिझर्व्ह रिकाम्या बफरमध्ये पुढे जागा राखून ठेवतं. एंडच्या पलीकडे पुट केलंत तर कर्नल एसकेबी_ओव्हर_पॅनिक म्हणून मुद्दाम थांबतो. दुसऱ्याच्या मेमरीवर लिहून पुढे जाण्यापेक्षा ते बरंच.

आता आपले दोन प्रश्न. झोपता येतं का? नाही. इथे सॉफ्ट इंटरप्ट बंद असतात आणि पाठवण्याच्या रांगेचं स्पिनलॉक (जे धरून झोपता येत नाही असं लॉक) धरलेलं असतं. म्युटेक्स (वाट बघताना झोपवणारं लॉक), एमस्लीप, जीएफपी_कर्नल (झोपू शकणारी मेमरीची मागणी), सगळं वर्ज्य. मेमरी लागलीच तर जीएफपी_अॅटॉमिक.

ताबा कोणाचा? तुम्ही नेटडेव्ह_टीएक्स_ओके परत केलंत की एसकेबी तुमचा झाला. पाठवला असेल तर पाठवून झाल्यावर तुम्हीच मोकळा करायचा, टाकून द्यायचा असेल तर टाकून ओकेच परत करायचं. ओकेचा अर्थ पॅकेट पोहोचलं असा होत नाही, मी ते ताब्यात घेतलं एवढाच होतो. नेटडेव्ह_टीएक्स_बिझी परत केलंत तर एसकेबी कर्नलकडेच राहतो आणि तो पुन्हा पाठवायला येतो. एसकेबी मोकळा करून वर बिझी म्हटलं की तीच मेमरी दोनदा सोडली जाते, आणि मशीन कोसळते ती भलत्याच ठिकाणी, थोड्या वेळाने. बिझीवर विसंबू नका. रांग भरत आली की आपणच नेटइफ_स्टॉप_क्यू म्हणायचं आणि जागा झाली की नेटइफ_वेक_क्यू.

मोकळं करायला एकच फंक्शन का नाही, हा प्रश्न पडेल. डेव्ह_केफ्री_एसकेबी_एनी म्हणजे पॅकेट वाया गेलं, डेव्ह_कन्झ्युम_एसकेबी_एनी म्हणजे काम झालं. मेमरी दोन्ही सोडतात, पण पॅकेट कुठे गळतंय हे शोधणारी साधनं पहिल्याचीच नोंद घेतात. इथे नीट निवड केलीत तर पुढे शोधाशोध वाचते.

जोड० चं एक्समिट असं लिहा. जोडीदार चालू आहे का ते नेटइफ_रनिंग ने बघा, नसेल तर टाका. लांबी आधीच एका व्हेरिएबलमध्ये घ्या, कारण एकदा रांगेत घातल्यावर दुसऱ्या प्रोसेसरवर तो एसकेबी मोकळाही झालेला असू शकतो, आणि मग एसकेबीची लेन वाचणं म्हणजे सोडलेली मेमरी वाचणं. मग एसकेबी_क्यू_टेल ने जोडीदाराच्या रांगेत घाला, त्याच्यासाठी नॅपी_शेड्यूल म्हणा, आकडे वाढवा, ओके परत करा. रांगेत समजा २५६ पॅकेटं झाली की आपली रांग थांबवा.

थांबवल्यावर रांगेची लांबी पुन्हा एकदा तपासा. तुम्ही मोजलं आणि थांबवलं, या दोहोंच्या मधल्या फटीत जोडीदाराने सगळं उपसून घेतलेलं असेल, तर उठवणारा येऊन निघून गेला आणि तुमची रांग कायमची झोपली. नवीन कर्नलमध्ये नेटडेव्ह_क्यूज या हेडरमध्ये नेटइफ_टीएक्सक्यू_मेबी_स्टॉप सारखे तयार मॅक्रो आहेत. ते ही फट नीट बुजवतात. वापरले नाहीत तरी वाचाच.

लहान पॅकेटांबद्दल सावध राहा. ईथरनेटची सगळ्यात लहान फ्रेम चेकसम सोडून ६० बाइटची. त्याहून लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरावी लागते, आणि ते काम ईथ_एसकेबी_पॅड करतं. २००३ मध्ये ईथरलीक नावाने उघड झालेली चूक नेमकी हीच होती. अनेक ड्रायव्हर ही जागा शून्य न करता पाठवत, आणि मेमरीतले जुने बाइट तारेवरून बाहेर जात. ईथ_एसकेबी_पॅड अपयशी ठरलं तर एसकेबी ते स्वतःच मोकळा करतं. तुम्ही पुन्हा मोकळा करू नका, फक्त ओके परत करा.

फीचर्समध्ये तुम्ही स्कॅटर-गॅदर (तुकड्यांत विखुरलेलं पॅकेट पाठवणं) किंवा हार्डवेअर चेकसम जाहीर केलं नाही, तर कर्नल पॅकेट सलग करून आणि चेकसम मोजूनच देतो. सुरुवातीला काहीच जाहीर करू नका.

पायरी ४: पॅकेट घेणं

कापूस खरेदीच्या दिवसांत जिनिंगच्या गेटवर पहिली गाडी आली की घंटा वाजते. त्यानंतर प्रत्येक गाडीला घंटा वाजवत बसले तर काट्यावरच्या माणसाचा दिवस नुसता उठण्या-बसण्यात जाईल. तो घंटा बंद करायला सांगतो, ठरावीक गाड्या मोजून घेतो, रांग संपली की घंटा पुन्हा चालू करतो. नॅपी असंच चालतं. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी २००१ मध्ये ते मांडलं, कारण वेगवान कार्डांवर प्रत्येक पॅकेटमागे इंटरप्ट घेताना मशीनला दुसरं काही करायला वेळच उरत नव्हता.

खऱ्या कार्डात इंटरप्ट आला की कार्डाचे इंटरप्ट बंद करून नॅपी_शेड्यूल म्हणायचं. मग कर्नल तुमचं पोल फंक्शन बोलावतो आणि एक बजेट देतो, साधारणपणे ६४. आपल्या मॉड्यूलमध्ये इंटरप्टची जागा जोडीदाराच्या एक्समिटने घेतली आहे, बाकी सगळं तसंच. नोंद करायला नेटइफ_नॅपी_अॅड. ६.१ पासून त्याला तीनच गोष्टी द्यायच्या असतात; जुन्या उदाहरणांत शेवटी ६४ हा चौथा आकडा दिसेल, तो काढून टाका.

पोलमध्ये एसकेबी_डीक्यू ने एक पॅकेट काढा. तेच पुढे ढकलता येतं, पण शिकताना खऱ्या कार्डासारखं वागा. नॅपी_अलॉक_एसकेबी ने नवीन एसकेबी घ्या, एसकेबी_पुट_डेटा ने बाइट उतरवा, ईथ_टाइप_ट्रान्स चं उत्तर प्रोटोकॉलमध्ये ठेवा, आणि नॅपी_जीआरओ_रिसीव्ह ला देऊन टाका. त्या क्षणापासून नवा एसकेबी कर्नलचा, तुम्ही त्याच्याकडे बघायचंही नाही. जुना नॅपी_कन्झ्युम_एसकेबी ने मोकळा करा, आणि लवकर करा. पाठवणाऱ्या सॉकेटच्या हिशोबात तो अजून धरलेला असतो, आणि तुम्ही दाबून ठेवलात तर वरचा प्रोग्रॅम पुढचं पाठवायचं थांबतो.

नॅपी_अलॉक_एसकेबी पुढे थोडी जागा राखूनच देतं. त्यातले दोन बाइट अनेक मशीनवर मुद्दाम सोडलेले असतात. ईथरनेट हेडर १४ बाइटचं, त्यात दोन मिळवले की १६, आणि मग आयपी हेडर चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर येतं.

बजेटचा नियम काटेकोर आहे. बजेटएवढं काम झालं असेल तर नॅपी_कम्प्लीट_डन बोलवायचं नाही, नुसतं बजेट परत करायचं. कर्नल पुन्हा येईल. कमी काम झालं तरच कम्प्लीट म्हणा आणि झालेला आकडा द्या. ते फंक्शन खरं किंवा खोटं असं उत्तर देतं, आणि खऱ्या कार्डाचे इंटरप्ट खरं आलं तरच चालू करायचे. कधी कधी बजेट शून्यही येतं. तेव्हा फक्त पाठवून झालेल्या पॅकेटांची आवराआवर करायची, नवीन पॅकेट घ्यायचं नाही.

पोलच्या शेवटी जोडीदाराची रांग थांबलेली असेल आणि आपली आता रिकामी झाली असेल, तर त्याच्यासाठी नेटइफ_वेक_क्यू.

पायरी ५: चालवून बघणं

मॉड्यूल घातलं, दोघांना आयपी दिले, पिंग केलं आणि ते यशस्वी झालं, तर लगेच खूश होऊ नका. दोन्ही पत्ते एकाच मशीनवर असल्यामुळे कर्नलने पॅकेट तुमच्या ड्रायव्हरपर्यंत आणलंच नसेल, लूपबॅकवरून आतल्या आत पोहोचवलं असेल. आयपी नेटएनएस अॅड ने एक वेगळी नेमस्पेस, म्हणजे नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा, बनवा, जोड१ तिच्यात हलवा, तिथे त्याला पत्ता द्या आणि मग पिंग करा. आता पॅकेटला तुमच्या कोडमधून जाण्यावाचून रस्ता नाही.

शिकणारी मुलं सर्वांत जास्त विचारतात ते हे: “भाऊ, इंटरफेस तं दिसून राह्यला, पण पिंगच नाही होऊन राह्यलं.” अशा वेळी वरून खाली या. आयपी लिंकमध्ये नो-कॅरिअर (जोडणी नाही) लिहिलंय का? मग नेटइफ_कॅरिअर_ऑफ म्हणून झालं आहे आणि ऑन म्हणायचं राहिलं आहे. पाठवण्याचा आकडा वाढतोय, समोरच्याचा घेण्याचा नाही? मग रांग किंवा नॅपी_शेड्यूल तपासा, आणि ओपनमध्ये नॅपी_एनेबल आहे का ते बघा. दोन्ही आकडे वाढतात आणि तरी उत्तर नाही? पॅकेटं दाखवणारं टीसीपीडंप लावा. पॅकेट तिथे दिसतंय पण वर कोणी उचलत नाही, म्हणजे बहुधा ईथ_टाइप_ट्रान्स राहून गेलं आणि प्रोटोकॉल कोराच आहे. थोडा वेळ चालून बंद पडतं? स्टॉप_क्यू झालं, वेक_क्यू झालं नाही.

पायरी ६: खरी चिप

आता मायक्रोचिपची ईएनसी२८जे६० घ्या. १० एमबीपीएसची ही चिप एसपीआयवर, म्हणजे चिप जोडायच्या थोड्या तारांच्या मार्गावर, बोलते, तिच्यात पाठवणं-घेणं मिळून ८ केबी बफर आहे, आणि कारखान्यातून मॅक पत्ता येत नाही. वेग कमी वाटेल, पण ओलाव्याच्या आणि पंपाच्या नोंदींना तो उरून पुरतो. रास्पबेरी पायवर तिचा तयार ओव्हरले (कर्नलला चिपची ओळख करून देणारी फाइल) आहे. वायरी जोडताना इंटरप्टची वायर विसरू नका. ती नसेल तर इंटरफेस दिसतो, पॅकेट मात्र येत नाही. केबल विहिरीपर्यंत ओढायचा विचार असेल तर तांब्याच्या ईथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर, हे आधी मोजून घ्या.

तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ईथरनेट, मायक्रोचिप या फोल्डरात आहे. तो शेजारी उघडून पायरी ३ परत वाचा. एक्समिटमध्ये झोपता येत नाही, आणि एसपीआयवरून बाइट पाठवायचे तर झोपावंच लागतं. मग काय केलंय? एक्समिट फक्त नेटइफ_स्टॉप_क्यू म्हणतं, एसकेबीचा पॉइंटर खासगी स्ट्रक्चरमध्ये ठेवतं, शेड्यूल_वर्क म्हणतं आणि ओके परत करतं. चार-पाच ओळी. खरं लिखाण वर्क फंक्शनमध्ये म्युटेक्स घेऊन होतं, कारण तिथे झोपायला मुभा आहे. पाठवून झाल्याचा इंटरप्ट आला की एसकेबी मोकळा होतो आणि रांग उठते. आताच्या कर्नलमध्ये इंटरप्टही थ्रेडेड आहे, म्हणजे तोही झोपू शकतो. घेण्याच्या बाजूला इथे नॅपी नाही, साधं नेटइफ_आरएक्स आहे. १० एमबीपीएसला तेवढं पुरतं.

डीएमए करणारी, म्हणजे स्वतःच मेमरीत लिहिणारी-वाचणारी कार्डं पुढची पायरी. तिथे डीएमए_मॅप_सिंगल नंतर डीएमए_मॅपिंग_एरर तपासल्याशिवाय पत्ता कार्डाला देऊ नका, आणि अनमॅप होईपर्यंत तो बफर कार्डाचा समजा.

आपल्याकडच्या शेतासाठी एक फंक्शन अगत्याने लिहा: एनडीओ_टीएक्स_टाइमआउट. थ्री फेज आली आणि ओळीने पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. बोर्ड तग धरतो, पण चिपच्या रजिस्टरमधलं सगळं पुसलं जाऊ शकतं. पाठवलेल्या पॅकेटचा इंटरप्ट मग कधीच येत नाही आणि रांग थांबलेली राहते. वॉचडॉग_टाइमओ मध्ये वेळ दिला नाही तर कर्नल ५ सेकंद वाट बघून हे फंक्शन बोलावतो आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, नेटडेव्ह वॉचडॉगची ओळ लिहितो. टायमरमधून बोलावलं जात असल्यामुळे इथेही झोपायचं नाही. चिप रीसेट करायचं काम वर्ककडे द्या. ते वर्क आरटीएनएल घेतं, तेव्हा पायरी २ मधली गाठ आठवून स्टॉपमध्ये त्याची वाट बघत बसू नका.

पायरी ७: त्रास देऊन बघणं

आता बांधा तो स्वतःचा कर्नल. डीबग_अॅटॉमिक_स्लीप, प्रूव्ह_लॉकिंग आणि केसॅन हे तीन पर्याय चालू करा. पहिला चुकीच्या जागी झोपल्याचं ओळ क्रमांकासह सांगतो, दुसरा लॉकच्या गाठी प्रत्यक्ष अडकायच्या आधी दाखवतो, तिसरा सोडलेल्या मेमरीला हात लावला की पकडतो. क्यूएमूचा सिरियल कन्सोल बाहेरच्या फाइलमध्ये लिहायला लावा, म्हणजे आतली मशीन गेली तरी शेवटच्या ओळी हातात राहतात.

मग एका टर्मिनलवर आयपर्फ३ (रहदारी निर्माण करून वेग मोजणारं साधन) चालू ठेवा आणि दुसऱ्यावर इंटरफेस सतत अप-डाउन करा. ते निभावलं की भर रहदारीत आरएममॉड करून मॉड्यूल काढा. अनरजिस्टर_नेटडिव्हाइस, वेटिंग अशी ओळ डीमेसेजमध्ये पुन्हा पुन्हा यायला लागली, तर इंटरफेसचा संदर्भ कुणीतरी अजून धरून ठेवला आहे; मोकळा न केलेला एसकेबी किंवा डेव्ह_होल्ड ला न जुळलेला डेव्ह_पुट आधी शोधा. खऱ्या चिपवर केबल काढून लावा, समोरच्या स्विचची लाइट घालवून आणा, चिपचा पुरवठा क्षणभर तोडून वॉचडॉग तिला परत उठवतो का ते बघा. एवढं होऊन डीमेसेज कोरं राहिलं तर बोर्ड पेटीत बसवा आणि शेतावर न्या.